तलावावरचा सूर्यास्त टिपताना: जागेपासून शेवटच्या उजेडापर्यंतचा क्रम

तलावावरच्या सूर्यास्ताची बरीचशी छायाचित्रे एकाच प्रकारे बिघडतात. मधोमध कडा विरघळलेला पांढराफटक सूर्य, खाली काठाचा काळाठिक्कर पट्टा, किंचित एका बाजूला सांडत असल्यासारखे दिसणारे पाणी, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या केशरी रंगाच्या जागी फिकट पिवळसर छटा. कॅमेरा बदलल्याने यात फारसा फरक पडत नाही, कारण चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. चौकट ठरण्यापूर्वीच तिपाई उभी केली जाते, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) एकदा ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवले जाते आणि सूर्य दिसेनासा होताच सामान आवरले जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे सगळे लक्ष सूर्यावर देणे. तलावाच्या छायाचित्रात खरा विषय पाणी असतो. सूर्य त्याला उजेड आणि रंग पुरवतो. पाणी कुठे शांत आहे, त्यात काय उतरले आहे आणि ते कोणत्या उंचीवरून पाहावे, हे आधी ठरले तर सूर्यासाठी करायचे काम थोडेच उरते.

आकाशात सूर्य साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतके अंतर कापतो. शेवटच्या दहा मिनिटांत चुकीचे निर्णय सुधारायला सवड मिळत नाही, म्हणून पुढील टप्पे शक्यतो दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

टप्पा १: काठ निवडणे (आदल्या दिवशी किंवा त्याआधी)

सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो वर्षभर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकत राहतो. २० अंश अक्षांशावर हे सरकणे पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत जाते आणि ४० अंश अक्षांशावर सुमारे ३१ अंशांपर्यंत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मावळतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या एका रुंदीइतकी बदलते, तर जून आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात ती जवळपास थबकलेली असते. मार्चमध्ये एखाद्या झाडाच्या बरोबर मागे मावळलेला सूर्य जूनमध्येही तिथेच मावळेल असे गृहीत धरून तिपाई लावली, तर सूर्य चौकटीबाहेर जाण्याचीच शक्यता अधिक. त्या दिवशीची मावळतीची दिशा सूर्यमार्ग दाखवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये अंशांत पाहावी आणि मग नकाशावर त्या दिशेच्या समोरचा काठ शोधावा. ढोबळमानाने हा पूर्वेकडचा काठ असतो, परंतु तलाव वाकडातिकडा असेल तर ईशान्येचा किंवा आग्नेयेचा कोपरा अधिक सोयीचा ठरतो.

सूर्य सरळ खाली उतरत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. उत्तर गोलार्धात तो उतरताना उजवीकडे सरकतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे, आणि अक्षांश वाढेल तसा हा तिरकेपणा वाढतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये २० अंश उत्तर अक्षांशावर मावळण्याच्या तासभर आधी सूर्य क्षितिजापासून सुमारे १४ अंश वर असतो, आणि क्षितिजाला टेकेपर्यंत तो सुमारे ५ अंश उजवीकडे गेलेला असतो. तासाभरापूर्वीच्या सूर्याच्या बरोबर खाली एखादा धक्का किंवा दगड ठेवून चौकट ठरवल्यास प्रत्यक्ष वेळी जुळणी बिघडते ती यामुळेच.

पंचांगातली किंवा अ‍ॅपमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. समोर डोंगर असेल तर सूर्य बराच आधी नाहीसा होतो. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ साधारण १० अंश उंची झाकते. पाण्याच्या रेषेपासून डोंगरमाथा एका मुठीइतका उंच असेल, तर कमी अक्षांशाच्या प्रदेशात सूर्य छापील वेळेच्या सुमारे पाऊण तास आधी दिसेनासा होतो. अशा तलावावर सूर्यबिंबाचा हट्ट सोडून त्यानंतरच्या आकाशावर भर द्यावा, असे माझे मत आहे; डोंगराची रेघ आणि तिचे प्रतिबिंब एवढे भांडवल तिथे पुरेसे असते.

आता वारा. वारा ज्या काठावरून पाण्याकडे वाहतो, त्या काठालगतचे पाणी सर्वांत शांत असते, कारण लाटा उठायला तिथे अंतरच मिळत नाही. म्हणजे वारा पाठीवर येत असेल तर पायांजवळ आरशासारखे पाणी मिळण्याची आशा असते, आणि तो तोंडावर येत असेल तर त्याच तलावात त्याच वेळी तुमच्या काठावर लाटा आपटत असतात. मावळतीकडून वारा येत असेल तर एखादी खाडीसारखी आत शिरलेली जागा, लव्हाळ्यांचा आडोसा किंवा बांधाची मागची बाजू शोधावी.

*सावधगिरी:* निवडलेली जागा एकदा भर उजेडात पायी पाहून यावी. शेवाळलेले दगड, पायाखाली दबणारा गाळ आणि अचानक खोल होणारा काठ या गोष्टी संध्याकाळी ओळखू येत नाहीत. परतताना अंधार असणार आहे, त्यामुळे यायची वाट जितकी महत्त्वाची तितकीच जायचीही. पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलते. चार महिन्यांपूर्वी ज्या दगडावर उभे राहता येत होते, तो आज पाण्याखाली असू शकतो.

टप्पा २: आकाशाचा अंदाज

रंगासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: डोक्यावर उंचावरचे विरळ किंवा कापसासारखे ढग, आणि मावळतीच्या क्षितिजाशी मोकळी पट्टी. सूर्य खाली गेल्यावर त्याचा प्रकाश त्या पट्टीतून येऊन ढगांना खालून उजळतो. उंच ढग असूनही क्षितिजाशी दाट थर असेल तर प्रकाश अडतो आणि आकाश राखाडीच राहते. दुपारी उपग्रहचित्र पाहताना आपल्या डोक्यावरच्या ढगांपेक्षा पश्चिमेला दूरवर काय आहे, हे अधिक बारकाईने पाहावे.

पूर्ण निरभ्र आकाश वाईट नसते, परंतु त्यात करण्यासारखे वेगळे असते: छायाकृती, रंगांची संथ चढउतार आणि मोठ्या फोकल लांबीने (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने) घेतलेले सूर्यबिंब. पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ असते आणि ढग फुटू लागलेले असतात, अशी संध्याकाळ सहसा सोडू नये.

टप्पा ३: घरी करायची तयारी

लेन्सची काच पुढून आणि मागून पुसावी. एरवी लक्षात न येणारा बोटाचा ठसा सूर्यासमोर धरताच चौकटभर धुरकट डाग होऊन पसरतो. लेन्सवर कायम लावून ठेवलेला संरक्षक फिल्टर काढून टाकावा, कारण समोरून येणारा प्रकाश त्या जादा काचेवर परावर्तित होऊन सूर्याचे दुसरे, उलटे, फिकट बिंब चित्रात आणतो.

कॅमेऱ्याची मांडणी घरीच पूर्ववत करावी. मागच्या वेळी वाढवलेला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किंवा विसरलेले एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणारी सोय) काठावर गेल्यावर घात करते. फाइल रॉ प्रकारात (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी राखणाऱ्या) ठेवावी, आयएसओ १०० करावा, जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू करावी, आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी मांडणी) ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण ५,५०० केल्विनवर बांधून ठेवावा. ऑटो व्हाइट बॅलन्स हा फिकट सूर्यास्ताचा सर्वांत मोठा गुन्हेगार आहे: केशरी छटेला तो दोष समजतो आणि इमानेइतबारे धुऊन काढतो. रॉ फाइलमध्ये हे नंतर सुधारता येते हे खरे, परंतु काठावर पडद्यावर चुकीचा रंग दिसत असेल तर पुढचे निर्णयही चुकतात.

लेन्स निवडताना एक साधे गणित उपयोगी पडते. सेन्सरवर उमटणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास, फोकल लांबीला सुमारे ११० ने भागल्यावर येतो तितका असतो. २४ मिमी लेन्सने तो जेमतेम ०.२ मिमी भरतो, म्हणजे फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या आडव्या चौकटीत उंचीच्या शंभराव्या भागाइतका. २०० मिमीने तो सुमारे १.८ मिमी होतो, म्हणजे उंचीच्या तेराव्या भागाच्या जवळपास. विशाल आकाश, पाणी आणि मोठा सूर्य हे तिन्ही एकाच चित्रात मिळणार नाहीत. त्यांपैकी काय हवे आहे हे घरीच ठरवावे आणि एकच लेन्स मुख्य मानावी. काठावर लेन्स बदलत बसण्यात नेमका रंगाचा वेळ निघून जातो.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सोबत नेला तरी बहुतेक वेळा पिशवीतच राहू द्यावा. आकाशावरचा त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, सूर्याकडे तोंड केल्यावर तो जवळपास उरत नाही. उलट तो पाण्यावरची चकाकी पुसून टाकतो, म्हणजे ज्या प्रतिबिंबासाठी आपण आलो तेच कमी करतो, आणि एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे) प्रकाशही खातो. काठाजवळच्या उथळ पाण्यातले दगडगोटे दाखवायचे असतील, तेवढ्यापुरताच तो लावावा.

*तपासणी:* भरलेली बॅटरी आणि एक जादा बॅटरी, रिकामे मेमरी कार्ड, तिपाई आणि तिच्या डोक्यावरची, कॅमेरा जोडायची चकती, मऊ कापड, विजेरी, जुना टॉवेल. चकती घरी विसरण्याइतके हताश करणारे दुसरे काही नाही.

टप्पा ४: पोहोचणे आणि चौकट शोधणे

सूर्य दिसेनासा होण्याच्या किमान तासभर आधी पोहोचावे. तिपाई उघडू नये. हातात कॅमेरा धरून काठाने फिरावे, वाकून, बसून, उभे राहून पाहावे. तिपाई एकदा रोवली की माणूस चौकट शोधणे थांबवतो आणि तिपाईला सोयीची असेल ती चौकट स्वीकारतो.

प्रथम पाण्यात पाहावे, वर नंतर. प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची हुबेहूब उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्यापासून उंच असेल तर जवळच्या झाडाचे प्रतिबिंब मागच्या डोंगराच्या प्रतिबिंबाच्या तुलनेत अधिक लांब दिसते आणि त्याचा जास्त भाग झाकून टाकते. कॅमेरा पाण्यालगत आणला की हा फरक कमी होत जातो आणि वरचे-खालचे दृश्य जुळू लागते. मात्र फार खाली गेल्यास पाण्याचा विस्तार आक्रसून एक पातळ पट्टी उरते, आणि समोरची लव्हाळी पलीकडच्या काठात मिसळून जातात. यासाठी ठरावीक उंची सांगता येत नाही. गुडघ्यापासून सुरुवात करून हळूहळू वर-खाली करत पाहावे.

पुढच्या भागात काहीतरी हवे, परंतु ते एकच असावे: एखादा दगड, बांधलेली नाव, पाण्यातून वर आलेले खोड. त्याचा आकार पार्श्वभूमीपासून सुटा दिसला पाहिजे, कारण सूर्यासमोर तो काळाच दिसणार आहे. नावेची नाळ मागच्या काठाच्या काळ्या पट्ट्यात घुसली तर ती नाव राहत नाही, नुसता डाग होतो. अर्धे पाऊल बाजूला सरकल्याने हे सुटते. पाण्यावरची सूर्याची चमचमती वाट नेहमी पाहणाऱ्याच्या दिशेने येते, त्यामुळे आपण बाजूला सरकलो की तीही आपल्याबरोबर सरकते. पुढचा दगड त्या वाटेवर हवा असेल तर सूर्याची वाट न पाहता आपणच हलावे.

काठाची रेघ चित्राच्या मधोमध येऊ नये, हा नियम बहुतेकांनी पाठ केलेला असतो. पाणी पूर्ण स्थिर असेल आणि प्रतिबिंब निर्दोष असेल तर ती रेघ बेधडक मधोमध ठेवावी. पाण्यावर लहरी असतील आणि आकाश भरलेले असेल तर पाण्याला एक तृतीयांश जागा पुरते.

आता कललेल्या पाण्याची बाब. बहुतेक जण पलीकडच्या काठाची रेघ आडवी करून चित्र समतल झाले असे समजतात. समुद्राच्या क्षितिजाबाबत हे चालते, तलावाबाबत नाही. पलीकडचा काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर कॅमेरा अचूक समतल असतानाही ती रेघ कललेलीच दिसते, आणि तिला आडवे करण्याच्या नादात सारे चित्र वाकडे होते. खात्रीची खूण अशी, की चौकटीच्या मध्याजवळची कोणतीही ठळक गोष्ट आणि तिचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत आले पाहिजे. झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचा शेंडा यांना जोडणारी कल्पित रेषा चौकटीच्या उभ्या कडेला समांतर असेल, तर काठ कसाही दिसला तरी चित्र समतल आहे.

टप्पा ५: तिपाई रोवणे

चिखलात तिपाई आपोआप खचत राहते, आणि एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये ती हालचाल चित्रात उतरते. पाय जोर देऊन दाबावेत, गाळ फारच मऊ असेल तर प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवावा. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला ठेवावेत. मधला दांडा वर काढू नये. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडत असेल तर तो गुंडाळावा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या सेल्फ-टायमरने किंवा रिमोटने उडवावे, आणि लेन्समधील स्थिरीकरण तिपाईवर आपोआप बंद होत नसेल तर स्वतः बंद करावे.

टप्पा ६: उजेड असतानाच फोकस

ऑटोफोकस सूर्यासमोर गोंधळतो आणि संधिप्रकाशात चाचपडतो, म्हणून फोकस आधी करून बांधून टाकावा. पुढे जवळ काही नसेल तर पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या कडेवर फोकस करावा. पुढे दगड किंवा नाव असेल तर थोडा विचार लागतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि एफ/११ अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तितके छिद्र लहान) असताना सुमारे १.८ मीटरवर फोकस केल्यास साधारण ०.९ मीटरपासून अनंतापर्यंतचे दृश्य स्वीकारार्ह स्पष्ट येते. मी त्यापेक्षा थोडे पुढे, दोन ते अडीच मीटरवर, फोकस करण्याचा सल्ला देईन. दूरचा काठ किंचित मऊ होण्यापेक्षा अगदी पायाजवळचे गवत मऊ झालेले परवडते.

येथे एक हमखास होणारी चूक: प्रतिबिंब पायाजवळच्या पाण्यात दिसते म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस करणे. प्रतिबिंबातला डोंगर कॅमेऱ्याच्या दृष्टीने खऱ्या डोंगराइतकाच दूर असतो. पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर फोकस केला तर पान स्पष्ट येईल, डोंगर नाही.

*तपासणी:* लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर थेट) दृश्य मोठे करून पाहावे, फोकस मॅन्युअलवर टाकावा आणि त्यानंतर झूमला हात लावू नये. अनेक झूम लेन्समध्ये फोकल लांबी बदलताच फोकसही सरकतो.

टप्पा ७: सूर्य वर असतानाचे एक्स्पोजर

*सावधगिरी:* काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः मोठ्या फोकल लांबीच्या लेन्समधून, सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चौकट मागच्या पडद्यावर ठरवावी. तिपाईवरचा कॅमेरा सूर्याकडे तोंड करून उघडा ठेवू नये, दोन चित्रांच्या मध्ये लेन्सला झाकण लावावे.

मोजमापाचा प्रश्न असा आहे. उजळ आकाश आणि काळोखा काठ यांतला फरक सेन्सरला एका वेळी पेलत नाही, आणि कॅमेरा दोघांची सरासरी काढून दोघांचेही नुकसान करतो. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान ठेवावे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ वर ठेवून एक चाचणीचित्र घ्यावे आणि लुकलुकणारा भाग पाहावा. सूर्यबिंब स्वतः लुकलुकले तर हरकत नाही. तो सूर्य आहे, त्यात तपशील शोधण्याचे कारण नाही. त्याच्या सभोवतीचे आकाश मात्र लुकलुकता कामा नये. लुकलुकत असेल तर उणे १.५, मग उणे २ असे खाली यावे. योग्य आकडा सापडला की तो मॅन्युअल मोडमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे चौकटीत एखादी नाव शिरल्याने कॅमेरा आपले मत बदलणार नाही.

हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचे वाटप दाखवणारा आलेख) पाहताना तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख पाहावेत. सूर्यास्तात लाल रंगाचा आलेख सर्वांत आधी उजव्या कडेला धडकतो, आणि एकत्रित आलेखात ते दिसतही नाही. लाल रंग कापला गेला की सूर्याभोवती केशरीऐवजी एकसुरी पिवळा डाग तयार होतो. तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आकाश सांभाळले की काठ काळा होतो. यावर तीन मार्ग आहेत. पहिला, काळेपण स्वीकारून छायाकृती करणे. माझ्या मते बहुतेक तलावांसाठी हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. दुसरा, कॅमेरा न हलवता दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे घेऊन नंतर जोडणे. पाणी आणि गवत हलत असेल तर जोडकामात भुते (हललेल्या वस्तूंच्या दुहेरी छाया) दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे. तिसरा, अर्धा गडद आणि अर्धा पारदर्शक असा ग्रेडेड फिल्टर. त्याची सीमारेषा पलीकडच्या काठावर ठेवावी, पाण्यावर उतरू देऊ नये.

या तिन्हींना लागू होणारी एक कसोटी आहे: पाण्यातले आकाश वरच्या आकाशापेक्षा नेहमी थोडे गडद असते, कारण पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही. जास्त गडद फिल्टर लावल्यामुळे किंवा जोडकामात हात सैल सुटल्यामुळे प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ झाले, तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण चित्र खोटे वाटते.

सूर्य झाडाच्या फांदीआड किंवा डोंगराच्या कडेवर अर्धवट झाकलेला असताना अ‍ॅपर्चर एफ/१६ केले तर किरणांचा तारा उमटतो. लेन्सच्या छिद्राभोवतीची पाती सम संख्येत असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. दोन-तीन चित्रे घेऊन पुन्हा एफ/११ वर यावे, कारण फार लहान अ‍ॅपर्चरने एकूण स्पष्टता कमी होते.

पक्षी किंवा वल्हवली जाणारी नाव चौकटीत येणार असेल तर शटर अनुक्रमे १/१००० आणि १/२५० सेकंदाच्या आसपास हवे. त्यासाठी आयएसओ निःसंकोच वाढवावा. धूसर पक्ष्यापेक्षा चित्रात थोडे कण (दाणेदारपणा) परवडतात.

टप्पा ८: सूर्य गेल्यानंतरचा अर्धा तास

सर्वाधिक चित्रे येथेच गमावली जातात, कारण माणसे निघून गेलेली असतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. कमी अक्षांशांत तो वीस-पंचवीस मिनिटे टिकतो, जास्त अक्षांशांत बराच अधिक. उंच ढग असतील तर सूर्य दिसेनासा झाल्यावर पाच-सात मिनिटे आकाश मरगळल्यासारखे होते आणि मग खालून पेट घेते. त्या मधल्या मरगळीला फसून तिपाई मिटू नये.

आता एक्स्पोजर सतत वाढवावे लागते. मॅन्युअल मोडमध्ये ठरवलेला आकडा दहा मिनिटांपूर्वीचा आहे, आणि उजेड दर काही मिनिटांनी निम्मा होत आहे. दर तीन-चार चित्रांनंतर हिस्टोग्राम पाहावा आणि शटरचा वेळ वाढवावा. आयएसओ आणि अ‍ॅपर्चरला शक्यतो हात लावू नये. आकाश आणि पाण्यातला फरक आता कमी झालेला असल्याने ग्रेडेड फिल्टर काढून टाकता येतो.

पाण्यावर बारीक लहरी असतील तर हीच वेळ दीर्घ एक्स्पोजरची. शटर अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे गेले की लहरी मिसळू लागतात, आणि तुटक प्रतिबिंबाच्या जागी मऊ रंगाचे पट्टे येतात. अधिक वेळ हवा असेल तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच) लावावा: त्याच्याशिवाय १/१५ सेकंद लागत असेल, तर तो लावल्यावर सुमारे ६८ सेकंद लागतात. चौकट आणि फोकस फिल्टर लावण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावेत, कारण नंतर काहीही नीट दिसत नाही. काचेचा व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यात तो झाकावा, नाही तर मागून शिरलेला प्रकाश चित्र बिघडवतो.

*सावधगिरी:* दीर्घ एक्स्पोजरचे कण कमी करणारी कॅमेऱ्यातील सोय या वेळी बंद ठेवावी. ती चालू असेल तर ६८ सेकंदांच्या चित्रानंतर कॅमेरा आणखी ६८ सेकंद अडकून राहतो, आणि तेवढ्यात आकाश बदलते.

मध्येच एकदा मागे वळूनही पाहावे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत निळसर राखाडी पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा ही पृथ्वीची सावली असते. काठाला वळण असेल आणि त्या बाजूलाही पाणी असेल, तर हे मंद दृश्य पश्चिमेच्या झगमगाटापेक्षा सरस ठरू शकते.

मोबाइल वापरणाऱ्यांसाठी

वरचे टप्पे १, २, ४ आणि ८ जसेच्या तसे लागू होतात. लेन्स पुसावी, कारण खिशातून निघालेल्या मोबाइलची लेन्स स्वच्छ असणे हा अपवाद असतो. पलीकडच्या काठावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर बांधावे, मग बोट खाली सरकवून चित्र गडद करावे, आकाशातला रंग परत येईपर्यंत. बोटांनी ताणून दृश्य मोठे करू नये. मोबाइलला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तरच तिच्या ठरावीक पटीपर्यंत जावे. सूर्य गेल्यावर मोबाइल दगडावर टेकवून किंवा छोट्या तिपाईवर ठेवून टायमर वापरावा. रात्रीची सोय आपोआप चालू होऊन संध्याकाळीच भर दुपार दाखवू लागली तर ती बंद करावी.

टप्पा ९: घरी आल्यावर

तिपाईचे खालचे भाग उघडून स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच मिटावेत. सांध्यांत अडकलेली वाळू पुढे कड्या झिजवते.

चित्रांवर त्याच रात्री काम करू नये. डोळ्यांत ताजा रंग असतो आणि हात आपोआप सॅच्युरेशनकडे (रंगांच्या तीव्रतेकडे) जातो. दुसऱ्या दिवशी आधी व्हाइट बॅलन्स, मग समतलपणा, मग उजळ भाग खाली, मग सावल्या थोड्या वर, अशा क्रमाने जावे आणि सॅच्युरेशनला सर्वांत शेवटी, जेमतेम हात लावावा. सावल्या फार वर खेचल्यास काळ्या काठात हिरवे-जांभळे कण उठतात. आकाशातील रंगांच्या संथ उतरणीवर पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले, तर एक तर बदल अति झाले आहेत किंवा काम जेपेग फाइलवर चालले आहे. रॉ फाइलवर, १६ बिटमध्ये काम करून शेवटी जेपेग काढावी.

जवळच्या तलावावर पुन्हा जाता येते, तेव्हा प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: तारीख आणि मावळतीची दिशा अंशांत, वाऱ्याची दिशा, सूर्य डोंगराआड गेल्याची प्रत्यक्ष वेळ, आणि रंग सर्वाधिक चढल्याची वेळ. शेवटच्या दोन वेळा चित्रांच्या फाइलमधून काढता येतात, मात्र त्यासाठी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असावे लागते.